वूलवर्थ्स ऑनलाइन खरेदीमुळे बुडालं नाही

ब्रिटनमधली वूलवर्थ्स ही दुकानांची साखळी ऑनलाइन खरेदीने गिळली, असं गेली कित्येक वर्षं बिनदिक्कत सांगितलं जातं. हे खरं नाही.

१९०९ साली लिव्हरपूलमध्ये सुरू झालेल्या या साखळीने नोव्हेंबर २००८ मध्ये हात टेकले, तेव्हा ब्रिटनच्या किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास होता. खरं दुखणं जुनं होतं. २००१ मध्ये किंगफिशर या मालक कंपनीने तिला वेगळं काढताना १८२ दुकानांच्या जागा विकल्या आणि त्याच जागा तिला भाड्याने घ्यायला लावल्या. सुमारे ६१.४ कोटी पौंड आले, पण ते किंगफिशरकडे गेले. वूलवर्थ्सच्या पदरी राहिलं फक्त भाडं, आणि तेही वाढत जाणारं. त्यात सुपरमार्केटं तीच खेळणी, तेच कपडे, त्याच सीडी स्वस्तात विकू लागली.

शेवटचा घाव उधारीचा. पुरवठादार वूलवर्थ्सला उधारीवर माल देत, आणि ती उधारी बुडाली तर भरपाई विमा कंपन्या देत; जागतिक मंदीत त्यांनी हे संरक्षण काढून घेतलं. पुरवठादार रोख मागू लागले, आणि तीही ऐन नाताळच्या तोंडावर, जेव्हा माल सगळ्यात जास्त लागतो. डोक्यावर ३८.५ कोटी पौंडांचं कर्ज असताना रोकड आणणार कुठून? अखेरच्या दिवसांत तर दुकानांतल्या फळ्या अन् मांडण्यासुद्धा विकायला काढल्या होत्या. ६ जानेवारी २००९ पर्यंत आठशेहून अधिक दुकानं बंद झाली, सुमारे २७ हजार माणसांची नोकरी गेली. वूलवर्थ्सला ‘काळाबरोबर बदललं नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

पुढे हेच नाव विकत घेऊन ऑनलाइन दुकान काढलं गेलं. तेही २०१५ मध्ये बंद पडलं.