पॅरामिशियमची जाती-ओळख (कोल्हापूरच्या तळ्यांतील नमुने)

तळ्यातील पाण्यात आढळणाऱ्या पॅरामिशियम या पक्ष्मधारी (अंगभर केसांसारखे बारीक तंतू, म्हणजे पक्ष्म, असलेल्या) एकपेशीय आदिजीवाची नेमकी जाती त्याच्या शरीररचनेवरून ठरवण्याची पद्धत. कोल्हापुरात असे नमुने रंकाळा, कोटितीर्थ किंवा शिवाजी विद्यापीठालगतचा राजाराम तलाव यांतून घेता येतात. तळ्याच्या मध्यावरचे नितळ पाणी सहसा निरुपयोगी ठरते. काठचे कुजके गवत आणि केंदाळाची मुळे असलेले पाणी घ्यावे, कारण पॅरामिशियमचे खाद्य असलेले जीवाणू तिथे भरपूर असतात.

थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात कापसाचे दोन-चार तंतू टाकले आणि वर पातळ काच ठेवली की भिरभिरणारा जीव त्यांत अडकतो. आधी जिवंतपणीच पाहून घ्यावे. चपटा, पावलाच्या ठशासारखा आणि हिरवा दिसला तर तो पॅ. बर्सेरिया, हा हिरवा रंग त्याच्या आत राहणाऱ्या शैवालाचा. निमुळत्या मागच्या टोकावर लांब पक्ष्मांचा झुपका असलेला, साधारण १७० ते ३०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीचा जीव बहुधा पॅ. कॉडेटम असतो. ‘बहुधा’ म्हणायचे कारण पॅ. मल्टिमायक्रोन्युक्लिएटम जवळपास तेवढाच लांब असतो. शिवाय पाणी आटत गेले की वरची काच जीवाला दाबते आणि तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. नुसत्या लांबीवर नाव लिहून मोकळे होणाऱ्यांची फसगत इथेच होते.

खरा निकाल केंद्रकांवर लागतो. काचेच्या कडेने अ‍ॅसिटिक आम्लातल्या मिथिल ग्रीन या रंजकाचा थेंब सोडला की जीव मरतो आणि केंद्रके हिरवी होतात. मोठे केंद्रक सर्वांत एकच असते. मोजायची ती लघुकेंद्रके. कॉडेटममध्ये ठसठशीत एक, ऑरेलियामध्ये बारीक दोन, मल्टिमायक्रोन्युक्लिएटममध्ये तीन-चार किंवा अधिक. या शेवटच्या जातीत संकोची रिक्तिकाही (जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पोकळ्या) अनेकदा दोनाहून जास्त असतात. पक्ष्मांच्या ओळी आणि मुखाभोवतीची मांडणी पाहण्यासाठी चांदीच्या क्षारांचे रंजन करतात. ते वेळखाऊ आणि लहरी काम आहे.

ऑरेलियापाशी मात्र सूक्ष्मदर्शक हात टेकतो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ट्रेसी सोनबॉर्न यांनी १९७५ मध्ये या एका नावाखालच्या १४ जातींना वेगवेगळी नावे दिली, ती मुख्यतः त्यांचा आपसांत संकर होतो की नाही यावरून. दिसायला त्या जवळजवळ सारख्याच असतात. म्हणून रंकाळ्याच्या थेंबात दोन लघुकेंद्रकांचा जीव सापडला, तर संकर-चाचणी किंवा डीएनए-तपासणी होईपर्यंत नोंदवहीत ‘पॅ. ऑरेलिया गट’ एवढेच लिहितात.