कातेब यासिन

कातेब यासिन : (ऑगस्ट १९२९ – २८ ऑक्टोबर १९८९). फ्रेंचमध्ये लिहिणारा अल्जीरियन कवी, कादंबरीकार व नाटककार. जन्म पूर्व अल्जीरियातील कॉन्स्टंटाईन येथे. जन्मतारीख कुठे २, तर कुठे ६ ऑगस्ट अशी आढळते. ‘कातेब’ हे कुलनाम असल्याने सूचीत तेच आधी घेणे योग्य.

कुराणशाळेनंतर तो फ्रेंच शाळेत गेला. अल्जीरिया तेव्हा फ्रेंच अमलाखाली होता. ८ मे १९४५ रोजी सेतिफ येथील स्वातंत्र्यवादी निदर्शनात सामील झाल्याने त्याला अटक झाली. नंतरच्या दडपशाहीतील मृतांची संख्या फ्रेंच प्रशासनाने हजार-दीड हजारांच्या आसपास मानली, तर अल्जीरियात ती ४५,००० सांगितली जाते. मुलगा मारला गेला या समजुतीने आईचे मानसिक संतुलन ढळले. त्याच्या पुढच्या साऱ्या लेखनाचे मूळ या वर्षात आहे. पहिला कवितासंग्रह १९४६ मध्ये निघाला. त्यानंतर काही काळ त्याने ‘आल्जे रेप्युब्लिकँ’ या दैनिकात पत्रकारिता केली.

‘नेज्मा’ (१९५६) ही त्याची श्रेष्ठ कादंबरी. चार तरुण आणि त्यांना ओढ लावणारी, फ्रेंच आईची मुलगी नेज्मा हिच्याभोवती ती फिरते; नेज्माच्या पित्याविषयीचा संशय शेवटपर्यंत फिटत नाही. बारा-बारा प्रकरणांच्या मालिकांत बांधलेली ही रचना काळाचा क्रम मोडून त्याच त्या घटनांकडे परतते. या रचनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पहिल्या आवृत्तीच्या निवेदनात प्रकाशकाने तिचा संबंध अरबी मनाच्या वर्तुळाकार कालकल्पनेशी जोडला. हे स्पष्टीकरण एका लेखकाचे कसब साऱ्या समाजाच्या स्वभावावर ढकलते, म्हणून ते स्वीकारणे कठीण. अमेरिकन कादंबरीकार फॉक्नरचा प्रभाव अनेक अभ्यासकांनी दाखवला आहे. तो नाकारता येत नाही. मात्र कातेबच्या टोळीचा पूर्वज केब्लुत याच्या कथा आणि १९४५ चा आघात यांचा वाटा अधिक निर्णायक दिसतो. ‘ल पोलिगोन एत्वाले’ (१९६६) या पुढच्या पुस्तकात हीच पात्रे पुन्हा येतात.

‘वेढलेले प्रेत’ या अर्थाच्या शीर्षकाचे त्याचे शोकनाट्य प्रथम ‘एस्प्री’ या नियतकालिकात छापले गेले. १९५८ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक जाँ-मारी सेरो याने ते ब्रुसेल्समध्ये रंगभूमीवर आणले. फ्रेंच ही युद्धात मिळालेली लूट आहे, असे कातेब म्हणे. तरीही सत्तरच्या दशकात मायदेशी परतल्यावर तो बोली अरबीतील नाटकांकडे वळला. स्थलांतरित कामगारांवरील ‘मोहम्मद, तुझी पेटी उचल’ (१९७१) हे त्यांतले पहिले. १९७८ पासून त्याने सिदी बेल अब्बेस येथील प्रादेशिक रंगमंदिराचे संचालन केले. फ्रान्समधील ग्रनोबल येथे रक्ताच्या कर्करोगाने निधन. दफन अल्जीअर्सच्या एल आलिया दफनभूमीत. तालमींतून घडत-बदलत गेल्याने त्याच्या बोली नाटकांच्या स्थिर संहिता थोड्याच आहेत.