चॅनल (ॲम्प्लिफायरमधील)

विद्युत संकेत ॲम्प्लिफायरमध्ये शिरल्यापासून ज्या स्वतंत्र मार्गाने पुढे जातो, तो मार्ग. शब्द एकच असला तरी तो वेगवेगळ्या यंत्रांत वेगवेगळ्या अर्थाने रुळला आहे. स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये डावा व उजवा हे चॅनल एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकाला आपापला पॉवर ॲम्प (स्पीकर चालवण्याइतकी शक्ती देणारा शेवटचा भाग) व स्पीकर असतो. या रचनेचे मूळ ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये केलेल्या ब्रिटिश पेटंट-अर्जात सापडते. मंडपातला ध्वनियोजक ‘बारा चॅनलचा मिक्सर’ म्हणतो तेव्हा त्याला बारा आगम (संकेत आत येण्याच्या जागा) अभिप्रेत असतात. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र चॅनल म्हणजे प्रीॲम्पची (संकेत प्रथम वाढवून त्याचा टोन घडवणाऱ्या भागाची) एक पर्यायी वाट होय. अशा दोन-तीन वाटा पुढे सहसा एकाच पॉवर ॲम्पला मिळतात.

या तिसऱ्या अर्थाचा उगम वादकाच्या सोयीत दिसतो. आरंभीच्या ॲम्प्लिफायरना एकाहून अधिक सॉकेट असत, म्हणजे गिटारबरोबर मायक्रोफोन किंवा दुसरे वाद्यही त्यातच जोडता येई. फेंडर कंपनीच्या बासमन ॲम्प्लिफायरच्या ‘५एफ६-ए’ या मंडलात (सर्किटमध्ये) (सु. १९५८–६०) ‘नॉर्मल’ व ‘ब्राइट’ असे दोन चॅनल आणि प्रत्येकी दोन सॉकेट होते. दुसऱ्या क्रमांकाच्या सॉकेटमधून संकेत सुमारे निम्मा, म्हणजे ६ डेसिबल कमी होऊन जातो. लंडनमध्ये १९६२-६३ च्या सुमारास तयार झालेल्या मार्शल जेटीएम४५ या ॲम्प्लिफायरने हेच मंडल जवळजवळ तसेच उचलले. पुढे वादकांनी छोट्या वायरने दोन्ही चॅनल एकमेकांना जोडून दोन्हींचा आवाज मिसळण्याची युक्ती रूढ केली. ती मार्शलमध्ये साधते, कारण तिथे दोन्ही वाटांवर संकेत सारख्याच वेळा उलटतो. १९६३ च्या फेंडर ‘एबी७६३’ मंडलात मात्र रिव्हर्बसाठी (आवाजाला घुमाव देण्यासाठी) ‘व्हायब्रेटो’ चॅनलमध्ये संकेत आणखी एकदा उलटवणारा एक टप्पा वाढवला आहे. त्यामुळे दोन्ही संकेत विरुद्ध कलेत (एकाचा चढ तेव्हा दुसऱ्याचा उतार) येऊन एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. (‘व्हायब्रेटो’ हे नावही चुकीचेच. तिथे बदलते ती आवाजाची तीव्रता, स्वराची उंची नव्हे. म्हणजे तो ट्रेमोलो होय.)

वाजवता वाजवता पायाने चॅनल बदलण्याची सोय प्रथम कोणी आणली, याबाबत एकवाक्यता नाही. रिव्हर्ब व ट्रेमोलो पायाने चालू-बंद करण्याची सोय आधीपासूनच होती. स्वच्छ आणि विकृत (मुद्दाम फाटका, खरखरीत) अशा दोन आवाजांत झटक्यात जाण्याचे श्रेय सामान्यतः रँडल स्मिथ यांच्या मेसा/बूगी ‘मार्क टू’ला (१९७० च्या दशकाची अखेर) दिले जाते. त्या यंत्रात वाढीव व्हॉल्व्ह-टप्पे (व्हॉल्व्ह म्हणजे संकेत वाढवणारी निर्वात नळी) एकामागून एक जोडलेले असल्याने पॉवर ॲम्पवर भार न टाकता, बेताच्या आवाजातही विकृती मिळते. दोन्ही आवाजांना टोनची नियंत्रणे सामाईकच असल्यामुळे हे दोन ‘चॅनल’ नसून एकाच चॅनलच्या दोन अवस्था आहेत, असा आक्षेप घेतला जातो. मंडलरचना पाहता तो अधिक ग्राह्य वाटतो. तथापि वादकाच्या हाती आलेली सोय नवीच होती. प्रत्येक चॅनलला स्वतंत्र टोन-नियंत्रणे असलेली यंत्रे त्यानंतर सर्वत्र आली. त्यांत मार्गबदल रिले (विजेने चालणारा खटका), प्रकाशसंवेदी रोध किंवा ट्रान्झिस्टर यांच्या साहाय्याने होतो.

रोलँड जेसी-१२० या १९७५ च्या ट्रान्झिस्टर यंत्रात स्टिरिओचा व गिटारचा असे दोन्ही अर्थ एकत्र आढळतात. पुढच्या पट्टीवर गिटारचे दोन चॅनल आहेत, तर आत ६० वॅटचे दोन पॉवर ॲम्प दोन स्वतंत्र १२ इंची स्पीकर चालवतात. त्याच्या कोरस या परिणामात (एक वाद्य अनेक वाद्यांसारखे भासवणाऱ्या) एका स्पीकरमधून मूळ आणि दुसऱ्यातून किंचित डळमळता स्वर येतो. त्यांचे मिश्रण खोलीतल्या हवेत होते.

पॉवर ॲम्पचे ए, एबी, बी, डी हे ‘वर्ग’ चॅनलहून निराळे. व्हॉल्व्ह वा ट्रान्झिस्टर संकेताच्या आवर्तनाचा किती भाग वाहक राहतो, यावरून पहिले तीन ठरतात. डी वर्गात ते केवळ झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या खटक्यांचे काम करतात. व्हॉक्स एसी३० ला जाहिरातींत व वादकांच्या बोलण्यात ‘ए वर्गा’चा म्हटले जाते. त्यात ‘ईएल८४’ प्रकारचे चार व्हॉल्व्ह असून प्रत्येकाची ॲनोडवरील उष्णताक्षमता १२ वॅट, म्हणजे एकूण ४८ वॅट आहे. ए वर्गाची कार्यक्षमता सिद्धांततःही ५० टक्क्यांपलीकडे जात नाही, म्हणून त्या मर्यादेत २४ वॅटच मिळू शकतात. ३० वॅट मिळतात याचा अर्थ पूर्ण जोरात हे यंत्र एबी वर्गात काम करते. त्याच्या आवाजाचे वेगळेपण वर्गापेक्षा कॅथोड-बायस (व्हॉल्व्हचा विश्रांतीचा प्रवाह कॅथोडवरच्या रोधाने ठरवणे) आणि ऋण प्रतिभरणाचा (निर्गमाचा अंश उलटा करून परत आत देण्याचा) अभाव यांत शोधणे योग्य ठरते.

१९९० च्या दशकापासून आलेल्या डिजिटल मॉडेलिंग (ॲम्प्लिफायरच्या आवाजाची संगणकीय नक्कल करणाऱ्या) यंत्रांत चॅनल ही तारांची वाट राहिलेली नाही. ती स्मृतीत साठवलेली एक मांडणी असते.