शेरीफची पॉसी आणि फास घेऊन निघालेला जमाव

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गोष्टींत घोडे, बंदुका आणि चिडलेले गावकरी दिसले की आपण सरसकट 'पॉसी' म्हणून मोकळे होतो. पण शेरीफने, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कायदा-सुव्यवस्था अधिकाऱ्याने, जमवलेली पॉसी वेगळी आणि स्वतःच न्यायनिवाडा करायला निघालेले व्हिजिलान्टे वेगळे. पॉसीचं मूळ इंग्लंडच्या जुन्या कायद्यात आहे. गुन्हेगार पकडायला शेरीफ धडधाकट माणसांना बोलवायचा आणि त्यांना जावंच लागायचं. शिक्षा ठरवणं मात्र कोर्टाचं काम.

७ सप्टेंबर १८७६ रोजी जेम्स-यंगर टोळीने मिनेसोटातल्या नॉर्थफील्डची बँक लुटायचा प्रयत्न केला. तिजोरी उघडायला नकार देणाऱ्या बँक कर्मचारी जोसेफ हेवूडला त्यांनी जागीच ठार मारलं. दोन आठवड्यांनी मॅडेलियाजवळ एका शेतकऱ्याच्या पोराने टोळीतले चौघे ओळखले आणि घोड्यावरून गावात वर्दी दिली. शेरीफ जेम्स ग्लिस्पिनसह सात जण झाडीत शिरले. चकमकीत एक दरोडेखोर मेला, तिघे यंगर भाऊ जखमी होऊन हाती लागले. त्या क्षणी त्यांना झाडाला टांगणं किती सोपं होतं! तसं झालं नाही. त्यांना मॅडेलियाच्या हॉटेलात नेऊन जखमांवर उपचार केले गेले. खटल्यात गुन्हा कबूल केल्यामुळे फाशी टळली, जन्मठेप झाली. मला यात त्या गावकऱ्यांची खरी हिंमत दिसते.

आता मोंटानातलं बॅनॅक बघा. सोन्याच्या खाणी, लुटालूट, खून आणि कोर्ट शेकडो मैल लांब. लोकांची भीती खोटी नव्हती. १० जानेवारी १८६४ रोजी व्हिजिलान्टेंनी खुद्द शेरीफ हेन्री प्लमरला लुटारूंचा म्होरक्या ठरवून खटल्याविना फासावर चढवलं. तो खरंच दोषी होता का, यावर इतिहासकार आजही भांडतात. पुरावे तपासले गेलेच नाहीत, मग दुसरं काय होणार? एकदा दोर हातात आला की गुन्ह्याची पातळीही घसरते. मार्चमध्ये व्हर्जिनिया सिटीत जॅक स्लेडला लटकवलं. तिथे त्याने कुणाचा जीव घेतला नव्हता. दारू पिऊन धिंगाणा घालायचा, धमक्या द्यायचा. बायको घोडा फेकत आली, तोवर सगळं संपलं होतं.

नुसत्या वॉरंटवर भरवसा ठेवू नये, हे न्यू मेक्सिकोतल्या लिंकन काउंटीत दिसलं. १८७८च्या फेब्रुवारीत जॉन टनस्टॉल या व्यापारी-पशुपालकाची मालमत्ता जप्त करायला निघालेल्या शेरीफच्याच पॉसीने त्याला गोळ्या घातल्या. मग त्याच्या बाजूचे लोक, त्यांत बिली द किड हा कुप्रसिद्ध बंदूकबाजही, मॅजिस्ट्रेटचं वॉरंट घेऊन निघाले. टनस्टॉलच्या खुनाचे आरोपी मॉर्टन आणि बेकर हे दोघे जिवाला धक्का लावणार नाही या बोलीवर शरण आले. लिंकन गावाच्या वाटेवरच दोघांना ठार मारलं गेलं.