डोक्याचा घेर, टाळू आणि पहिले पाऊल

दीड महिन्याच्या लशीसाठी उपकेंद्रात नेलेल्या बाळाचे वजन होते, आणि कधी कधी परिचारिका त्याच्या डोक्याभोवती टेप गुंडाळून आणखी एक आकडा कार्डावर लिहिते. वजनाचा अर्थ घरात सर्वांना कळतो, घेराचा अर्थ मात्र सहसा कोणालाच कळत नाही, आणि म्हणूनच ‘डोके जरा मोठे दिसते’ किंवा ‘जरा लहान वाटते’ एवढा एक शेरा आईची झोप उडवण्यास पुरेसा होतो. त्यात गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचे त्याच वयाचे बाळ पडवीत टेकूशिवाय बसू लागलेले असेल आणि आपले बाळ अजून बसवले की एका बाजूला कलंडत असेल, तर दोन वेगळ्या काळज्या एकत्र मिसळतात आणि ‘मेंदूत तर काही दोष नाही ना’ अशी एकच मोठी शंका तयार होते. या शंकेचे उत्तर एका दिवसाच्या मापातून सहसा मिळत नाही. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेली निदान दोन-तीन मापे लागतात आणि त्या काळात बाळ कोणत्या नव्या गोष्टी करू लागले याची नोंद लागते.

डोके वाढते ते आतला मेंदू वाढतो म्हणून. जन्मतः कवटीची हाडे सांधलेली नसतात. त्यांच्यामध्ये लवचीक शिवणी असतात आणि शिवणी जिथे एकत्र येतात तिथे टाळू असते. वाढणारा मेंदू आतून हळूहळू दाब देतो आणि शिवणींच्या कडांना नवे हाड तयार होत जाते. मागची छोटी टाळू साधारण दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची मोठी टाळू बहुतेक बाळांत नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. आपल्याकडे न्हाणीच्या वेळी टाळूवर खोबरेल तेल थापून ती ‘भरण्याची’ पद्धत आहे. तेलाने टाळू लवकर भरत नाही, आणि ती उशिरा भरावी असेही त्यात काही नाही. हलक्या हाताने लावलेले तेल निरुपद्रवी आहे, एवढेच त्याविषयी म्हणता येईल. कवटीला आकार यावा म्हणून दोन्ही तळव्यांनी डोके दाबणे मात्र थांबवावे, कारण आकार ठरवणारी शक्ती आतून येते.

पूर्ण दिवसांच्या मुलग्याचा घेर जन्माच्या वेळी सरासरी ३४.५ सेंटिमीटर आणि मुलीचा सुमारे ३४ सेंटिमीटर असतो. पहिल्या तीन महिन्यांत तो दर महिन्याला अंदाजे दोन सेंटिमीटरने वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत एक-एक सेंटिमीटरने आणि त्यानंतर वर्षापर्यंत महिन्याला अर्ध्या सेंटिमीटरने. वर्षाच्या मुलग्याचा सरासरी घेर ४६ सेंटिमीटर होतो, तर संपूर्ण दुसऱ्या वर्षात भर पडते ती केवळ दोन-सव्वादोन सेंटिमीटरची. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांतले आहेत. ती मानके १९९७ ते २००३ या काळात भारतासह सहा देशांतील निरोगी मुलांच्या मोजमापांवरून तयार झाली आणि आपल्याकडील बालरोगतज्ज्ञही पाच वर्षांपर्यंत तीच वापरतात. सरासरीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंची जागा. सहा महिन्यांच्या मुलग्याचा मध्य ४३.३ असला तरी ४०.९ पासून ४५.८ पर्यंतचा कोणताही घेर नेहमीच्या मर्यादेत बसतो. वाढीच्या तक्त्यावर वयानुसार घेराच्या वक्र रेषा काढलेल्या असतात; त्यांतल्या तिसऱ्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे शंभरात तिसऱ्या क्रमांकाच्या, रेषेवरचे बाळ नापास झालेले नसते. शंभर निरोगी बाळांपैकी तिघे त्या रेषेच्या खाली असतातच. जन्मापासून त्याच रेषेला धरून चाललेले बाळ डॉक्टरांना फारसे अस्वस्थ करत नाही. मधल्या रेषेवरून सुरुवात करून दोन महिन्यांत दोन रेषा ओलांडून वर गेलेले, किंवा तसेच खाली घसरलेले बाळ मात्र, आजचा त्याचा आकडा मर्यादेत असला तरी, पुन्हा बोलावले जाते.

अर्थात त्याआधी माप बरोबर असावे लागते. शिंप्याकडचा कापडी टेप वापराने ताणला जातो. न ताणणारा टेप भुवयांच्या किंचित वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून नेऊन तीनदा मोजावे आणि सर्वांत मोठे माप धरावे. रडणाऱ्या, मान फिरवणाऱ्या बाळाच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि दाट जावळ असलेल्या डोक्याचे माप जावळ काढल्यानंतर कमी भरले तर त्यात नवल नाही. माझ्या मते घेराच्या नावाने होणाऱ्या निम्म्या धावपळी एक महिना थांबून, त्याच माणसाने, त्याच टेपने पुन्हा मोजले असते तर टळल्या असत्या.

मोठ्या डोक्याचे सर्वांत सामान्य कारण घरातच असते. म्हणून चांगला डॉक्टर बाळाच्या आधी आईवडिलांच्या डोक्यांना टेप लावतो. बापाची टोपी कधीच कोणाला बसली नसेल तर मुलाचे डोके मोठे असणे हा वारसा आहे. काही बाळांत मेंदूच्या बाहेरच्या पोकळीत पाणी थोडे जास्त साठते. अशा बाळांचा घेर पहिल्या वर्षात वेगाने वाढतो, नंतर रेषेला समांतर होतो आणि दोन वर्षांच्या आसपास हे जादा पाणी बहुधा आपोआप कमी होते. घेर आणि हालचाल यांचा साधा संबंध इथे दिसतो: डोके जड असल्यामुळे अशी काही बाळे मान धरायला आणि बसायला थोडी उशीर करतात आणि पुढे इतरांना गाठतात. मेंदूच्या आतील पोकळ्यांत पाणी अडून दाब वाढणे, म्हणजे हायड्रोसेफॅलस, ही यापेक्षा अगदी वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. त्यात घेर झपाट्याने वाढतो, बाळ शांत आणि उभे धरलेले असतानाही टाळू फुगलेली व ताठ लागते, डोक्यावरच्या शिरा ठळक होतात, उलट्या होतात, बाळ मलूल पडते आणि नजर खाली वळलेली राहून बुबुळांच्या वर पांढरा भाग दिसतो. अशा वेळी पुढच्या लशीच्या तारखेची वाट पाहू नये.

लहान डोक्याच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो तो बाळ किती दिवसांचे जन्मले याचा. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे घेर आणि टप्पे दोन्ही, निदान दोन वर्षांपर्यंत, दोन महिने वजा करून पाहायचे असतात. दुसरा प्रश्न आईच्या आहाराचा. आई वर्षानुवर्षे मांस-मासळी-अंडी खात नसेल, दूधदुभतेही कमी असेल, तर तिच्या दुधात ब-१२ जीवनसत्त्व कमी उतरू शकते. किनाऱ्यावर राहतो म्हणजे मासळी पोटात जातेच असे नाही. कोकणात माळकरी आणि शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. केवळ अशा दुधावर वाढणारे बाळ पहिले काही महिने ठीक असते, मग हळूहळू हसणे कमी करते, धरलेली मान पुन्हा सोडते, बोटांच्या पेरांवरची त्वचा काळवंडते, केस विरळ व भुरे होतात, काहींना हातापायांचा कंप सुटतो, आणि घेराची रेषाही मंदावू शकते. वेळीच ओळखले तर ब-१२ दिल्यावर सुधारणा दिसू लागते, पण उशीर झाल्यास मेंदूवरचा परिणाम मागे राहू शकतो. उशिरा शिकणे आणि शिकलेले विसरणे यांत डॉक्टर एवढा मोठा फरक का करतात, ते या आजारावरून समजते.

चपट्या डोक्याबद्दल थोडक्यात: बाळाला उताणे झोपवणे हेच सुरक्षित आहे, आणि त्यामुळे मागची बाजू थोडी सपाट होऊ शकते. त्यावर मोहरीची उशी हा उपाय नव्हे, वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नकोच. जागे असताना, कोणीतरी समोर बसलेले असताना, त्याला दिवसातून अनेकदा पालथे ठेवावे. त्याने डोक्याचा आकारही सुधारतो आणि मान, खांदेही बळकट होतात.

हालचालींच्या टप्प्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासाने एक उपयुक्त गोष्ट दाखवली. निरोगी बाळे टेकूशिवाय बसू लागली ती ३.८ ते ९.२ महिन्यांत, आणि आधाराशिवाय चालू लागली ती ८.२ ते १७.६ महिन्यांत. दहाव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे अशी दोन चुलत भावंडे एकाच अंगणात असू शकतात आणि दोघेही निरोगी असू शकतात. सुमारे ४ टक्के बाळे हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली.

सवयीचाही यात वाटा असतो. पावसाळ्यात चिऱ्याच्या घरातली जमीन ओल धरते, म्हणून बाळ दिवसभर झोळीत किंवा कडेवर राहते, आणि झोळीत पाठ गोल वळलेल्या बाळाला वळायला वाव मिळत नाही. ताजिकिस्तानात बाळांना पाळण्यात तासन्‌तास बांधून ठेवण्याची रीत आहे. तिथली बाळे उशिरा बसतात आणि चालतात, पण चार-पाच वर्षांची होईपर्यंत हा फरक भरून निघतो. म्हणजे झोळीने मूल अधू होत नाही, तरी दुपारी तासभर जाड गोधडी अंथरून बाळाला खाली सोडणे फायद्याचे आहे. चाकांचा बसका वॉकर मात्र टाळावा. त्यात पाय अधांतरी लोंबतात, चालणे लवकर येत नाही आणि पायरीवरून कोसळण्याचा धोका मोठा असतो. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपला जुना लाकडी पांगुळगाडा, ज्याला बाळ स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते, त्यात बाळ निदान स्वतःचे वजन स्वतः पेलते.

तरीही काही मर्यादा पक्क्या आहेत. चार महिने पूर्ण होऊनही मान न धरणे, नऊ महिन्यांनंतरही टेकूशिवाय न बसणे, दीड वर्षांनंतरही न चालणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणे, अंग सतत ताठ किंवा लिबलिबीत वाटणे आणि कोणत्याही वयात येत असलेली गोष्ट गमावणे, यांपैकी काहीही दिसले तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. पुढची टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातूनच मेंदूची सोनोग्राफी करता येते, तिच्यात किरणोत्सर्ग नसतो आणि बाळाला भूलही द्यावी लागत नाही. लहान मुलांतील जन्मजात दोष आणि विकासातील विलंब शोधण्यासाठी असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो कोकणपट्टीतल्याच पालघर येथून, आणि त्याअंतर्गत संशयित मुलांना पुढील तपासणी व फिजिओथेरपीसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. आडगावाहून दोन एसटी बदलून नेलेले बाळ तिथे पोहोचेपर्यंत रडवेले झालेले असते किंवा गाढ झोपलेले असते आणि घरी करते त्यातले काहीच करून दाखवत नाही; म्हणून घेराच्या सर्व नोंदी असलेले कार्ड, आईवडिलांच्या डोक्यांची मापे आणि बाळ पालथे पडताना, बसताना, खेळणे पकडताना घरी काढलेले मोबाइलवरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ सोबत न्यावेत.