क्रिएटिनिन नॉर्मल, पण कोणाच्या मापाने?

‘क्रिएटिनिन एक आहे, म्हणजे किडनी उत्तम’ हे वाक्य सोलापुरातल्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबच्या दाराशी मराठीत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये कानावर पडते. तिशीतल्या धडधाकट माणसाबाबत ते बहुधा खरेही असते. मात्र जन्मभर विड्या वळून गुडघे गेलेल्या आणि आता अंथरुणावरच असलेल्या ८० वर्षांच्या आजींबाबत तेच वाक्य धोक्याचे ठरू शकते. त्याचे कारण जितके आजींच्या शरीरात आहे, तितकेच वैद्यकीय संशोधनाच्या सवयींतही आहे.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे आणि मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे रक्तातली त्याची पातळी निर्मिती आणि निचरा या दोन्हींवर ठरते. नळाची धारच बारीक असेल, तर अर्धवट तुंबलेल्या मोरीतही पाणी साचलेले दिसत नाही. वयामुळे आणि हालचाल थांबल्यामुळे स्नायू झिजले की क्रिएटिनिन कमी तयार होते, आणि गाळण्याची क्षमता निम्म्यावर आली तरी अहवालात ‘एक’ हाच आकडा येऊ शकतो.

यावर उपाय म्हणून मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज देणारे, १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या संशोधकांनी दिलेले सूत्र औषधांची मात्रा ठरवताना आजही वापरतात. १४० मधून वय वजा करावे, उरलेल्याला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे, ७२ आणि क्रिएटिनिन (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) यांच्या गुणाकाराने भागावे आणि स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणावे. आजींचे वजन ४५ किलो आणि क्रिएटिनिन एक धरले, तर उत्तर मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर येते; निरोगी तरुणात ते १०० च्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. पण खरी गोम पुढेच आहे. हे सूत्र २४९ रुग्णांच्या नोंदींवरून बांधले गेले आणि ते जवळजवळ सगळे पुरुष होते. शिवाय ते वजनावरून स्नायूंचा अंदाज बांधते. अर्धांगवायूने एक बाजू गेलेल्या माणसात वजन तेच राहून स्नायूंची जागा चरबीने घेतलेली असू शकते, म्हणजे ३२ हा आकडाही फुगलेला असू शकतो. क्रिएटिनिनऐवजी रक्तातले सिस्टॅटिन सी हे प्रथिन मोजता येते; ते शरीरातील जवळजवळ सर्व पेशी तयार करत असल्यामुळे स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. मात्र थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड आणि शरीरातील दाह यांचा त्याच्यावर परिणाम होतो.

अशा शरीरात औषध कसे वागते, हे अशाच शरीरांचा अभ्यास करून कळते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,६६३ रुग्णांच्या चाचणीत स्पायरोनोलॅक्टोन या औषधामुळे हृदय निकामी होण्याच्या गंभीर अवस्थेतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. रुग्णांचे सरासरी वय ६५ होते, क्रिएटिनिन २.५ हून अधिक असलेल्यांना वगळले होते आणि हे औषध रक्तातले पोटॅशियम वाढवू शकते म्हणून त्यावर बारीक लक्ष होते. त्यानंतर कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हृदय निकामी होऊन रुग्णालयात गेलेल्या वृद्धांमध्ये हे औषध लिहून देण्याचे प्रमाण हजारी ३४ वरून १४९ वर गेले आणि पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण हजारी २.४ वरून ११ वर गेले. औषध वाईट नव्हते. ते चाचणीत नसलेल्या माणसांपर्यंत चाचणीतल्या देखरेखीशिवाय पोहोचले होते. (‘किडनी साफ करणारे’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे रोजचे शहाळ्याचे पाणीही पोटॅशियमने भरलेले असते, क्षीण मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते.)

उलट बाजूही आहे. ऐंशीनंतर रक्तदाबावर औषध द्यावे की नाही, याविषयी तज्ज्ञांमध्ये दुमत होते. २००८ मध्ये ८० च्या पुढच्या ३,८४५ जणांच्या चाचणीने औषधाचा फायदा दाखवला. तिथेही स्मृतिभ्रंश झालेले आणि सतत शुश्रूषेची गरज असलेले लोक बाहेरच राहिले, त्यामुळे आजींविषयीचा प्रश्न सुटला नाही.

वृद्ध अपंगांना चाचण्यांतून नियमाने वगळावेच लागते असे नाही. ती माणसे आपोआप गळतात. दर पंधरा दिवसांनी येणे, जिना चढणे, बारीक अक्षरातले संमतीपत्र वाचणे, या अटीच पुरेशा असतात. सोलापुरात अशा वृद्धांना सामावून घेणारा अभ्यास करायचा झाल्यास रक्ताचे नमुने घरी जाऊन घ्यावे लागतील आणि पूर्व भागातल्या वृद्ध विणकरांना माहिती तेलुगूतून, तोंडी आणि सावकाश सांगावी लागेल. निरक्षर व्यक्तीसाठी तटस्थ साक्षीदाराची तरतूद औषध चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या भारतीय नियमांत आहेच. सहभागींची निवड अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून करू नये, कारण उतारवयात दृष्टी किंवा चाल गेलेले अनेक जण ते काढतच नाहीत. पाहणे, ऐकणे, चालणे, आठवणे, स्वतःची निगा आणि संवाद यांविषयीचे वॉशिंग्टन गट या अपंगत्वाच्या मोजमापावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न विचारले तरी पुरेसे होते. सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे मध्येच गळालेल्यांची कारणे वेगवेगळी नोंदवणे. रिक्षा न मिळाल्यामुळे गळालेला आणि औषध न सोसल्यामुळे गळालेला असे दोघेही एकाच रकान्यात गेले, तर औषधाविषयीचा निष्कर्षच चुकतो.