बुचाची काजळी आणि बर्ट विल्यम्स

न्यूयॉर्कच्या ‘फॉलीज’ या प्रसिद्ध नाच-गाण्यांच्या आणि विनोदाच्या रंगमंचीय कार्यक्रमात १९१० साली कृष्णवर्णीय विनोदी नट बर्ट विल्यम्स दाखल झाला, तेव्हा काही गोऱ्या कलाकारांनी त्याच्यासोबत काम करायला खळखळ केली. मधली एक-दोन वर्षं सोडली, तर १९१९ पर्यंत तो तिथे टिकला. त्याचा पोकरचा मूकाभिनय विलक्षण होता. हातात पत्ते नाहीत, समोर खेळाडू नाहीत, प्रकाशाचा झोत फक्त चेहऱ्यावर. तो पत्ते हळूच उघडून बघायचा, खुशी लपवत डाव वाढवायचा, आणि मग समोरच्याचे पत्ते बघून चेहरा उतरत जायचा.

तोही काळं फासलेला चेहरा. वाद आहे तो इथेच.

जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायची प्रथा १८३० च्या सुमारास गोऱ्या नटांनी रुजवली. पुढे कृष्णवर्णीय नटांनाही तीच काजळी लावावी लागली, कारण तिकीट काढणाऱ्याला तेच सोंग हवं होतं. विल्यम्स १८७४ साली बहामात जन्मला, कॅलिफोर्नियात वाढला, रंगाने उजळ. रंगमंचावर कृष्णवर्णीयांची म्हणून चालणारी बोलीसुद्धा त्याला शिकून घ्यावी लागली. त्याचा जोडीदार जॉर्ज वॉकर मात्र काजळी न लावता छानछोकी तरुण रंगवायचा. या जोडीचं ‘इन डाहोमी’ हे संगीत नाटक १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आणि नंतर लंडनच्या राजवाड्यातही झालं.

मग विल्यम्सची काजळी सक्तीची की मर्जीची? त्याने १९१८ मध्ये स्वतःच लिहिलं की डेट्रॉइटमध्ये एकदा गंमत म्हणून तोंड रंगवलं आणि गाणं तुफान चाललं. स्वतःकडे परका माणूस म्हणून बघता आलं, तेव्हाच आपल्यातला विनोद उमलला. नुसती लाचारी म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे वाचायला हवं. पण काजळीविना दुसरा चेहरा घेऊन उभं राहायची मुभा त्याला कोण देणार होतं, हेही विसरता येत नाही.

वॉकर आजारी पडून १९११ मध्ये गेला. विल्यम्स फेब्रुवारी १९२२ मध्ये डेट्रॉइटलाच प्रयोगात कोसळला आणि ४ मार्चला, ४७ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये वारला.

१९१३ साली चित्रित झालेला त्याचा अपुरा मूकपट एका संग्रहालयात पडून होता. तो लोकांसमोर आला २०१४ मध्ये. त्यात भोवतालचे कृष्णवर्णीय कलाकार आपापल्या चेहऱ्याने वावरतात, आणि काजळी फासलेला विल्यम्स नायिकेचं हळुवार चुंबन घेतो.